थोरल्या ढगाचा शब्द

एकही तारा पेटला नव्हता, तेव्हाची गोष्ट. काळोखात वायूचे दोन ढग शेजारी राहत, थोरला आणि धाकटा. ढगानं थंड राहून स्वतःला आत आत आवळलं, तरच त्यात तारे पेटणार होते.

थोरला म्हणाला, "धाकट्या, तुझा निम्मा वायू मला दे. आधी मी पेटतो, मग तुलाही उजेड देतो."

धाकट्यानं दिला. थोरल्यात लाखो तारे पेटले आणि तो दीर्घिका म्हणून मिरवू लागला. त्याच्या झळांनी धाकटा तापला, फुगला, विरू लागला.

"दादा, तुझ्या उजेडानं मी संपतोय!"

"शब्द दिला होता, तो पाळतोय," थोरला म्हणाला.

धाकट्याचा मागमूसही उरला नाही. थोरला मात्र नव्या दीर्घिकांना अजून सांगतो, "उजेड दिला हो मी त्याला. त्यालाच सोसला नाही."