समासातली वाहवा

फार फार मागे, एका साध्याशा सकाळी, खालच्या वाडीतला वैद्य अंगणात हिरडे वाळत घालत होता. तेवढ्यात मेंढपाळ आला आणि काठीवर रेलून म्हणाला, "वैद्यबुवा, वरच्या वाडीतली कोष्टीण गेली."

वैद्याच्या हातातले सूप तसेच राहिले.

त्या डोंगरात चार वाड्या होत्या आणि प्रत्येक वाडीत एक लिहिणारे माणूस होते: हा वैद्य, एक पंतोजी, एक कुंभार आणि एकटी राहणारी ही म्हातारी कोष्टीण. चौघांचे मिळून लाल कापडात बांधलेले एक दप्तर होते. मेंढपाळ आपल्या कळपाबरोबर ते घरोघर पोचवी. दप्तर ज्याच्या घरी येईल त्याने आपले नवे लेखन आणि घरची ख्यालीखुशाली त्यात घालायची, इतरांची पाने वाचायची आणि समासात दोन शब्द लिहायचे, असा नेम होता.

सुरुवातीला त्या समासात "वासराला आता कसं आहे?" असेही विचारलेले असे. पुढे चौघांना पंचक्रोशीत नाव मिळाले. मग ख्यालीखुशालीसुद्धा नटूनथटून येऊ लागली, आणि समासात नुसती वाहवा उरली.

तिसऱ्या दिवशी तिघे कोष्टिणीच्या ओट्यावर जमले. मेंढपाळ खालच्या पायरीवर बसला. आत मागावर अर्धे लुगडे तसेच होते.

पंतोजींनी दप्तर सोडले. "तिचं शेवटचं पान वाचू या. इतकं चांगलं तिच्या हातून कधी उतरलं नव्हतं."

त्यांनी सावकाश वाचले: "पायांना सूज आहे. आडावर जाणं होत नाही. शेजारचे जत्रेला गेले आहेत. सरपण चार दिवस पुरेल. कोणी आलं तर बरं होईल."

"एक शब्द जास्तीचा नाही," कुंभार हळहळला.

मेंढपाळाने मान वर केली. "पंतोजी, ही गोष्ट आहे का गाणं?"

"गद्य आहे रे. तुला नाही कळायचं."

"मला अक्षर येत नाही, खरं आहे. पण मला तर हा निरोप वाटतो."

पंतोजी पुन्हा त्या पानाकडे पाहू लागले. मेंढपाळ पुढे सांगू लागला.

"दप्तर न्यायला आलो तेव्हा मी दारातूनच विचारलं, आजी, बरं आहे ना? तर म्हणाली, सगळं त्यात लिहिलंय, बाबा. वाचणारी जाणती माणसं आहेत, तू फक्त लवकर पोचव. दोन दिवसांत तिन्ही घरी फिरवलं मी." मग त्याने पानाच्या कडेकडे बोट केले. "तुम्ही काय लिहिलंत तिला?"

पंतोजींना वाचावेच लागले. वैद्याने लिहिले होते, "सुजेचं वर्णन अचूक." कुंभाराने लिहिले होते, "डोळे भरून आले." आणि पंतोजींचे स्वतःचे अक्षर होते, "शेवट थोडा सपाट झाला आहे. पुन्हा लिहून पाहावा."

वैद्याचे घर तिथून एका चढणीच्या अंतरावर होते. सुजेवरचा लेप त्याच्या फडताळात तयार असे. त्याने पुढे होऊन आपली ओळ नखाने खरवडायला घेतली.

पंतोजींनी त्याचा हात धरला. "राहू द्या, वैद्यबुवा. आपल्या मागून वाचतील त्यांना दिसू दे."

मेंढपाळ उठला आणि मेंढरांकडे निघून गेला. तिघे खाली मान घालून बसून राहिले. एकमेकांकडे पाहण्याचे धैर्य कोणालाच झाले नाही.

तेव्हापासून त्या डोंगरात दप्तर उघडले की आधी ख्यालीखुशाली वाचतात, आणि कोणाची नड दिसली तर लेखणीच्या आधी वहाणा शोधतात. तिघांनी पुढे पुष्कळ लिहिले, पण कोणी वाहवा केली की ते विषय बदलीत.

लहानांनो आणि थोरांनो, बोध एवढाच: माणसाच्या शब्दांना दाद देण्याआधी त्याच्या हाकेला ओ द्यावी.

ते पान अजून दप्तरात आहे. त्याच्या समासात थोडी जागा शिल्लक आहे. तिथे "येतो" एवढे लिहायचे राहून गेले.