टिटवीची ओरड

फार पूर्वी नदीपलीकडचे हत्ती गव्याच्या रानात तळं खोदून द्यायला आले. अट एकच होती, पाण्यावरून तंटा झाला तर निवाडा हत्तींनीच करायचा. राजा गवा हो म्हणणार, तोच टिटवी किंचाळली, "महाराज, उद्या त्यांनीच आपल्याला हाकललं, तर दाद कुणाकडे मागायची?"

"गप्प बस!" गवा खेकसला. पण सगळं रान तिच्यासोबत ओरडू लागलं, तेव्हा वैतागून त्याने हत्तींना परत पाठवलं.

उन्हाळ्यात शेजारच्या रानातली पाडसं तहानेने कासावीस होऊन आली. त्यांच्याकडे त्याच अटीवर हत्तींनी खोदलेलं तळं होतं, पण पाण्यावरून तंटा झाला आणि हत्तींनी निवाडा स्वतःच्याच बाजूने दिला होता. गवा त्यांना आपल्या लहानशा झऱ्यावर घेऊन निघाला. वाटेत टिटवीची अंडी होती. टिटवी ओरडायला लागली, तसा गवा वाट सोडून काट्यांत शिरला.

"ओरड गं बाई," तो म्हणाला, "खुशाल ओरड."