ताटावरचं मौन

एकदा एक वृद्ध गुरुजी आपल्या शिष्याच्या घरी जेवायला गेले आणि अर्ध्या ताटावरून उठले. अन्नात काही खोट नव्हती, यजमानाची भक्ती तर उतू चालली होती. तरी उठले.

झालं असं की, गुरुजी दर चातुर्मासात देवळात पोथी सांगत. आता डोळे अधू झाले, तेव्हा ते आसन कुणा शिष्याकडे सोपवायचं होतं. त्र्यंबक नावाच्या शिष्याचा जीव त्या आसनावर जडला होता. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, आणि नेम? ते तर विचारूच नका! आपण चातुर्मासात काय करतो? वांगं ज्याला मुळात आवडत नाही, तो वांगं सोडतो आणि पुण्य पदरात पाडून घेतो. त्र्यंबक तसला नव्हे. त्याने कांदा-लसूण सोडला, गादी सोडली, आणि वर मौनाने जेवण्याचा नेम धरला. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत शब्द काढायचा नाही. चुकून निघालाच, तर ताट कितीही भरलेलं असो, तिथेच उठायचं. गुरुजींचाही हाच नेम होता, कित्येक वर्षांचा.

"गुरुजी, पोथीचं काय ठरलं?" त्र्यंबकाने एकदा धीर करून विचारलंच.

"उद्या तुझ्याकडे जेवायला येतो, मग सांगतो," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकाच्या बायकोने, वेणूने, पुरणपोळीचा घाट घातला. पाट मांडले, गुरुशिष्य बसले, मौन सुरू झालं.

भातावर तूप कमी पडलं, तशी त्र्यंबकाने वाटी ठणकन आपटली. वेणू तूप घेऊन धावली. मग त्याने "हूं!" केलं. तिने लिंबाची फोड वाढली. "हूं हूं!" त्याने डोळे वटारले. तिने घाईघाईने कोशिंबीर आणली, तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला. स्वारीला हवं होतं मीठ! अखेर ते मिळालं. एवढं होऊनही तोंडातून एक शब्द गेला नव्हता, म्हणून त्याने मोठ्या अभिमानाने गुरुजींकडे पाहिलं.

वेणूचे डोळे भरून आले होते. पदराने ते टिपून ती गुरुजींना अळूची भाजी वाढायला वाकली. तेवढ्यात गुरुजी स्पष्ट आवाजात म्हणाले, "सूनबाई, अळू फार सुरेख झालंय हो. बस घटकाभर, दमलीस."

मग त्यांनी अन्नाला नमस्कार केला आणि ते उठले. पुरणपोळीला त्यांनी अजून हातही लावला नव्हता.

"अहो गुरुजी, हे काय केलंत!" त्र्यंबक तोंडातल्या घासासकट ओरडला. "इतक्या वर्षांचा नेम! एवढ्याशा अळूपायी मोडलात?"

"तूही बोललास की," गुरुजी हसून म्हणाले. "चल, ऊठ. आता दोघेही अर्धपोटी."

हात धुऊन ओसरीवर टेकल्यावर ते म्हणाले, "त्र्यंबका, मौनाने का जेवायचं? अन्नाला नावं ठेवू नयेत, वाढणाऱ्याचं मन दुखवू नये, म्हणून. जीभ आवरणं हे निमित्त. माणूस मवाळ व्हावा, हा हेतू. तू तोंड तेवढं मिटलंस आणि बाकी सगळ्या अंगाने ओरडलास. माझा नेम आज मोडला, तो मी उद्या पुन्हा धरीन. तुझा रोज मोडतोय आणि तुला त्याचा पत्ताच नाही! चांगली सवय अंगात मुरली की नाही, हे आपलं आपल्याला कळत नाही रे. आपल्यासोबत राहणाऱ्याला कळतं."

त्र्यंबकाची मान खाली गेली. तरी आशा सुटेना. "मग गुरुजी... पोथीचं?"

"ते मला कशाला विचारतोस?" गुरुजी दाराकडे वळले. "सूनबाई, याला आसनावर बसवू का?"

वेणू गांगरली. असलं काही तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. सवयीने त्याच्या भुवया चढू लागल्या होत्या. त्या त्याने मोठ्या कष्टाने खाली आणल्या. बायकोच्या उत्तराची एवढी धास्ती त्याला कधीच वाटली नव्हती.

"बसवा की," ती म्हणाली, "पण पुढच्या साली. यंदा घरातच जरा गोड बोलायचा सराव होऊ दे."

गुरुजी खदखदून हसले. त्र्यंबकाचा चेहरा पडला. इतक्या दिवसांचं स्वप्न होतं, वाईट वाटणारच. पण बायको खरं बोलली, हे त्यालाही पटलं होतं. क्षणभराने तोही हसला आणि स्वयंपाकघरात गेला.

"वेणू, तू जेवलीस?"

"मी कधी जेवणार? तुम्ही उठलात आत्ता."

"मग बस. मी वाढतो."

त्याने वाढलं खरं, पण आमटी पाटावर सांडली, भात पानाबाहेर गेला आणि पोळीचे दोन तुकडे झाले. वेणू हसत जेवली, आणि जेवताना मनात साचलेलं सगळं बोलत राहिली. तो मुकाट्याने ऐकत होता. ओसरीवर गुरुजींच्या मनात आलं, याचं खरं मौन आज सुरू झालं.

नेम आपण खुशाल धरावेत. मात्र मधूनमधून घरच्या माणसाला विचारावं, "काय गं, मी सुधारलोय का?" आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावं.