उबवणी यंत्र आणि फुगणारा प्रोग्राम

ओढ्यापलीकडच्या एका गावात सलमाबी नावाची बाई कोंबडीची अंडी उबवून पिल्लं विकत असे. तिच्या उबवणी यंत्राची ऊब एक संगणक सांभाळी. त्याचा प्रोग्राम गावातल्याच मुरलीधरने लिहिला होता. यंत्रातलं तापमान वाचण्यापुरता मात्र त्याने दूरच्या कोणा माणसाने लिहिलेला तयार भाग, म्हणजे लायब्ररी, जोडून घेतला होता.

प्रोग्राम छान चाले, पण चौथ्या दिवशी बंद पडे. संगणकाची मेमरी तो थोडी थोडी घेत जाई आणि सगळी परत करत नसे. शेवटी मेमरी संपे आणि ऊब थांबे. मागच्या खेपेला त्यापायी दोनशे अंडी थंड पडून वाया गेली होती. आता यंत्रात नवी सहाशे होती.

सलमाबी म्हणाली, "मुरली, रोज सकाळी बंद करून चालू कर की!"

"तोवर करतो. पण गळती आत राहीलच. ओळीने तीन दिवस विसरलो की अंडी गेली."

"मग गळती शोध. या खेपेला दगा झाला, तर तुझा संगणक परसात ठेवीन. कोंबड्या तरी बसतील त्याच्यावर."

मुरलीधर कामाला लागला. त्याने प्रोग्रामची एक प्रत वेगळी चालवून तिच्यातले आपले भाग एकेक करून वगळले. शेवटी उरली ती फक्त लायब्ररी आणि तिच्याकडून तापमान मागणाऱ्या त्याच्या चार ओळी. तरीही मेमरीचा आकडा दर दहा मिनिटांनी चढतच होता. मुरलीधरला हायसं वाटलं. दोष परक्याचा होता! त्याने सलमाबीला तसं ठणकावून सांगितलं आणि लायब्ररी लिहिणाऱ्याला त्या चार ओळींसह खरमरीत पत्र धाडलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. "लायब्ररी दर वेळी तापमान जणू डब्यातल्या वाटीत घालून देते. तुम्ही डबा परत करता, वाटी ठेवून घेता. अशा वाट्या साचूनच मेमरी भरते. दोन्ही परत करणारी आज्ञा मी लिहून दिली आहे. माहितीपुस्तकाचं अकरावं पान पाहावं."

मुरलीधरने ते पुस्तक तिसऱ्या पानाशीच मिटलं होतं. तापमान दिसायला लागलं, मग पुढे कोण वाचतो? त्याचे कान तापले. गुपचूप ओळ बदलली असती, तर सलमाबीला काही कळलं नसतं.

त्याने ओळ बदलली आणि आकड्याकडे बघत बसला. दहा मिनिटं झाली, तास झाला, दुपार कलली. आकडा जागचा हलला नाही. तेव्हा त्याने आधी त्या माणसाला माफीचं पत्र लिहिलं, मग सलमाबीकडे गेला.

"सलमाबी, चूक माझ्याच ओळीत होती. ती दोनशे अंडी माझ्यामुळे गेली."

"आणि त्या बिचाऱ्याला शिव्या घालत होतास होय रे!"

"माफी मागितली त्याची."

"बरं केलंस. आता यंत्राला हात लावू नकोस. चालू दे."

चौथा दिवस गेला, आठवाही गेला. प्रोग्राम एकदाही थांबला नाही. अंड्यांचा एकविसावा दिवस उजाडला आणि यंत्रातून चिवचिव ऐकू आली. सलमाबीने झाकण किलकिलं केलं आणि मुरलीधरला जवळ ओढलं. त्याने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

तात्पर्य: दुसऱ्याची वस्तू वापरताना बिघाड झाला, तर त्याला बोल लावण्याआधी ती वापरायची रीत आपण पुरती शिकलो का, हे पाहावं, आणि चूक आपली निघाली, तर ती आपल्या तोंडाने सांगावी.