केशरी आणि म्हातारी गोगलगाय

फार वर्षांपूर्वी एका घरातल्या काचेच्या टाकीत बरेच मासे आणि एक म्हातारी गोगलगाय राहत होती. त्यांतल्या केशरी नावाच्या मासोळीला नुकतीच पिल्लं झाली होती. मोठे मासे गिळतील म्हणून ती पिल्लं पाणवनस्पतींच्या पानांआड लपून असत.

मालक आला की केशरी आणि बाकीचे मासे काचेशी येऊन नाचत. तो खूश होऊन आणखी चिमूटभर खाणं टाकी. उरलेलं तळाशी कुजे, त्यावर शेवाळ पोसे आणि पानांवर चढे. गोगलगाय ते दिवसभर खरवडत असे.

"केशरी, पोट भरल्यावर तरी मागू नका गं," ती एकदा म्हणाली. "माझ्याच्यानं आता एवढं होत नाही."

"तुला काम नको, म्हणून आम्ही खायचं नाही होय?" केशरी म्हणाली. सगळे मासे हसले.

हळूहळू काच हिरवी झाली. मालकाला मासे दिसेनात, तेव्हा त्याने शेवाळाचं औषध आणून ओतलं. माशांना काही झालं नाही. गोगलगाय मात्र पानावरून सुटून वाळूवर पडली. केशरीने हाक मारली, पण शंखातून ओ आली नाही.

थोडे दिवस पाणी नितळ राहिलं. मग पानांवर पुन्हा शेवाळ धरलं. पानं गुदमरून गळाली, तशी पिल्लं उघडी पडली आणि मोठ्या माशांनी ती एकेक करून गिळली.

शेवटी एकच पान उरलं आणि त्याआड एकच पिल्लू. केशरी त्या पानावरचं शेवाळ खरवडत राहिली, पण तिचं तोंड त्या कामाचं नव्हतं.