चव्वेचाळिसावं कलम

“आता तुम्हीच सांगा बुवा, या घरात काय राहिलंय?”

अनिरुद्धने चार पानी यादी पुढे धरली. तो रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी. तिथे सहा वर्षांत कुणाला साधं खरचटलंही नव्हतं, आणि ही गोष्ट तो भेटेल त्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचाच.

नव्या घरात येऊन आठवडा झाला होता. प्लगना झाकणं, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर, कपाटांना कड्या, जिन्याला फाटक. त्रेचाळीस कलमं, प्रत्येकापुढे बरोबरची खूण.

दीड वर्षाची मनवा मात्र आईच्या कडेवरच.

जुन्या घरात गरम चहा तिच्या हातावर सांडला होता. मनगटावर अजून डाग होता. तेव्हापासून शर्वाणीने लेकीला जमिनीला टेकू दिलं नव्हतं. पाय चांगले आहेत, खाली सोडा म्हणजे चालेल, असं डॉक्टर दोनदा सांगून चुकले होते.

“हिला तुम्ही समजवा,” अनिरुद्ध म्हणाला. “माझ्यावर विश्वास नाही हिचा.”

 शर्वाणीने मनवाला आणखी घट्ट धरलं.

गणूबुवा अजून दारातच होते. वय अठ्ठ्याहत्तर. अनिरुद्धच्या वडिलांचेही तेच गुरू.

“यादी कशी केलीस?”

“सगळं घर फिरून. एकेक खोली तीनदा.”

“उभ्याने?”

“म्हणजे... उभ्यानेच फिरणार ना, बुवा.”

बुवांनी काठी भिंतीला टेकवली, धोतर वर खोचलं, आणि उंबऱ्याच्या आत दोन्ही हात टेकून रांगायला लागले.

“अहो बुवा! गुडघे...”

बुवा निघालेसुद्धा. दिवाणाखाली डोकावून त्यांनी तिथे पडलेलं शर्टाचं एक बटण काढलं आणि मुकाट्याने वर ठेवलं. अनिरुद्धचा चेहरा उतरला. मनवा आईच्या खांद्यावरून मान वाकडी करकरून बघत होती. एवढा मोठा माणूस रांगतो, हे तिला अगदीच नवीन होतं.

बैठकीच्या खोलीत मधोमध बुवा थांबले.

समोर पाट, भोवती रांगोळी, पाटापुढे पितळी परात. काठोकाठ पाणी. बुवांच्या तोंडावर वाफ आली.

“हे काय?”

“तुमच्या पाद्यपूजेचं. पाय दुखतात ना तुमचे, म्हणून मीच चांगलं कढत ओतलं. तुम्ही बसेपर्यंत निवेल, असं...”

 शर्वाणी एक पाऊल मागे सरली.

“यादीत आहे?”

“नाही.”

“का?”

“तुमच्या पूजेचं होतं, बुवा... त्यात धोका कोण बघतं?”



अनिरुद्धने परात उचलली आणि मोरीत नेऊन ओतली. परत आला. कारखान्यात इतकी वर्षं काढली, पण त्याला स्वतःचीच भीती आज पहिल्यांदा वाटली.

“तुझंच बरोबर होतं,” तो बायकोला म्हणाला. “नको सोडूस हिला खाली.”

शर्वाणीने त्याच्याकडे पाहिलं. गेले कित्येक महिने घरात घाबरणारी ती एकटीच होती. आज दुसरं कुणीतरी तिच्याइतकंच घाबरलं होतं, आणि तिला एकदम रडू आलं.

मग तिने वाकून मनवाला बुवांच्या शेजारी खाली ठेवलं.

फरशी गार होती. मनवाने पायाची बोटं आखडली... मग सोडली. बुवांचा खांदा धरला, कान धरला, आणि उभी राहिली.



अनिरुद्ध हळूच समोर खाली बसला. सवयीचा गुलाम! त्याने यादी मांडीवर घेतली, खिशातलं पेन काढलं आणि लिहायला लागला... चव्वेचाळीस. गरम पाणी.

मनवाने बुवांचा कान सोडला. एक पाऊल. डुगडुगली. आणखी एक.

अनिरुद्धची मान खालीच होती.

“अनिरुद्धा,” बुवा म्हणाले, “हात रिकामे कर. ती तुझ्याकडे निघालीय.”