लिंबाजीने सोडलेला सांधा

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाटाच्या पुलाचे एक जुने जलरंगातले चित्र टांगलेले आहे. पाटाचे पाणी ओढ्यावरून पलीकडच्या शेतांत नेणारा हा दगडी पूल. चित्रातल्या सगळ्या कमानी करड्या आहेत. मधल्या कमानीखाली मात्र हिरवा ओघळ दिसतो. पाहुणे विचारतात, इथे रंग सांडला का? मग गावातले म्हातारे उखाआबा त्यांना पुलाखाली नेतात आणि सांगू लागतात.

पूल बांधला लिंबाजी बेलदाराने, असे सांगतात. त्याच्या हातचा हौद कधी पाझरला नव्हता. काम चोख झाले तर मधल्या कमानीवर त्याचे नाव कोरायचे, असा शब्द पाटलांनी दिला होता. लिंबाजीला लेकरू नव्हते. मागे नाव राहील ते त्या दगडावरच, एवढीच त्याची आस.

पण मधल्या खांबाचा पाया पडला तो नेमका ओढ्यातल्या झिऱ्यावर. खालच्या वस्तीला पिण्याचे पाणी तेवढेच होते. झिरा बुजला. पाट सुटायच्या आदल्या दिवशी वस्तीतली सारजा रिकामी घागर घेऊन आली आणि मधल्या कमानीखाली बसली.

"दादा, पाणी आमच्या डोक्यावरून जाणार. आम्ही काय नुसता खळखळाट ऐकायचा?"

लिंबाजीने पाटलांना विचारले, "वस्तीसाठी एक तोटी ठेवू का?"

"पाट शेताचा आहे. थेंब गळला तर नाव विसर."

घागर भरेपर्यंत घोट घेणार नाही, असा सारजाने नेम धरला म्हणे.

पाट सोडायच्या दिवशी लिंबाजी चुन्याचा अखेरचा हात फिरवत होता. उरलेला सांधा बरोबर तिच्या डोक्यावर होता. त्याने खाली पाहिले. तिचे ओठ फुटले होते. थापीवरचा चुना त्याने परत घमेल्यात टाकला.

पाणी आले. सांध्यातून धार सुटली आणि घागरीत पडली.

"लिंबाजी, पूल बांधलास की चाळणी?" पाटील गरजले. "बुजव ते! नाव हवंय ना?"

लिंबाजी थापी धुऊ लागला. "विसरलो, पाटील," तो म्हणाला.

पुढे पाटलांनी दुसरे गवंडी लावले. पण सकाळी भरलेला चुना संध्याकाळी गळून पडे, असे म्हणतात.

आजही डागडुजीच्या वेळी गवंडी सगळे सांधे भरतात आणि तिथे हात आवरतात. कमानीवर नाव कुणाचेच नाही. पाट सुटला की वस्तीतल्या बायका पहिली घागर धारेखाली धरतात, आणि ती काठोकाठ आली की वर पाहून मोठ्याने सांगतात, "लिंबाजी, भरली रे!"